गगनबावड्याचा आराखडा शिरोळला चालत नाही: कोल्हापुरात पाणलोटाचं काम कसं करावं

गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, शिरोळात सहाशेच्या आतबाहेर. जिल्हा एकच. पूर्वेला प्रश्न पाणी अडवण्याचा, तर पश्चिमेला ते माती न नेता खाली उतरवण्याचा. हे न बघता एकच आराखडा दोन्हीकडे राबवला की पहिल्या आषाढातच काम वाहून जातं.

ओढा आधी दोनदा पायाखाली घाला. एकदा जुलैत, छत्री घेऊन, म्हणजे पाणी कुठून उतरतं आणि कुठे गढूळ होतं ते दिसतं. दुसऱ्यांदा मार्चमध्ये, म्हणजे कुठला झरा जिवंत राहतो ते कळतं. गुराख्यांना विचारा; उन्हाळ्यात जनावरं कुठल्या डोहावर जातात ते त्यांना तोंडपाठ असतं. हे डोह, झरे आणि काठचे उंबर गावनकाशावर गट नंबरसह मांडा. यांतल्या कशालाही यंत्र लावायचं नाही, हे त्याच दिवशी ठरवून टाका. काम माथ्यापासून पायथ्याकडे न्यायचं. उलटं केलं तर खालचा बंधारा दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो.

मसाई पठारासारख्या जांभ्याच्या सड्यावर मात्र चरही (उताराला आडवे खणलेले लांब खड्डे) नकोत, झाडंही नकोत. सातबाऱ्यावर ती जमीन पोटखराब, म्हणजे लागवडीला अयोग्य असते, म्हणून ती रिकामी वाटते. तिथे मातीचा थर काही बोटांचा असतो, आणि त्यावर पावसाळ्यात गेंद, सीतेची आसवं उगवतात. चर खणला की पाण्याची ती पातळ चादर तुटते आणि खालचा भाग कोरडा पडतो. पठार हाच मुळात स्पंज आहे, त्याला दुरुस्ती लागत नाही.

बाकी उतारांवर चर समतल रेषेवर, म्हणजे सारख्या उंचीवरून जाणाऱ्या रेषेवर खणायचा. ती काढायला महागडं यंत्र लागत नाही. वरच्या टोकाला एकत्र बांधलेले दोन मीटर लांबीचे दोन बांबू, एक आडवा, आणि वरच्या टोकावरून दोरीने लोंबणारा दगड: झाली ए-फ्रेम. वापरण्याआधी ती जुळवून घ्या. दोन्ही पाय दोन खुंट्यांवर ठेवा, दोरी आडव्या बांबूला जिथे लागते तिथे खूण करा. मग फ्रेम फिरवून पायांची अदलाबदल करा, पुन्हा खूण करा. दोन खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. ही पायरी गाळली तर प्रत्येक पावलागणिक चूक साठत जाते. शंभर मीटरवर चर एका टोकाला कललेला असतो, सगळं पाणी तिकडे धावतं आणि तिथूनच फुटतो.

चर ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल घेतला तर धावत्या मीटरला १८० लिटर पाणी मावतं. माती उताराच्या बाजूला, कडेपासून वीतभर जागा सोडून टाका, नाहीतर पहिल्या सरीतच ती परत आत येते. दर दहा मीटरवर मधे न खणलेला आडबंध ठेवा, म्हणजे एक कप्पा फुटला तरी बाकीचे रिकामे होत नाहीत. राधानगरी, भुदरगडकडच्या खड्या उतारांवर जिथे खडकावर मातीचा जाड थर आहे, झाडं कललेली आहेत, जमिनीला भेगा आहेत, तिथे चर अजिबात नको. मुरवलेलं पाणी तो अख्खा थर सरकवतं.

आता ओघळी. इथे अनगड दगडी बांधाइतकं स्वस्त आणि टिकाऊ काही नाही, पण तो नीट रचला तरच. उंची एक मीटरच्या वर नको. माथा अर्धा मीटर, वरच्या अंगाचा उतार १:१, खालच्या अंगाचा १:२. म्हणजे तळ साडेतीन मीटर. चार मीटर रुंदीच्या ओघळीत पाया सोडून साधारण तीन ब्रास दगड जातो. पाया ३० सेंमी खोदायचा, दोन्ही टोकं काठात अर्धा मीटर घुसवायची. मोठे दगड खालच्या अंगाला, बारीक आत. मधला भाग टोकांपेक्षा ३० सेंमी खोलगट. हा खोलगटपणा विसरला की पाणी काठाला वळसा घालून जातं, आणि बांध जागेवर राहून ओघळच रुंद होते. बरेच बांध असेच फसलेले दिसतील.

दोन बांधांतलं अंतर म्हणजे उंची भागिले उतार. उतार दहा टक्के, बांध एक मीटर, तर अंतर दहा मीटर. खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायाच्या पातळीत यायला हवा. दगड सुटे तेवढेच उचला. रुतलेले उपटले तर नवी ओघळ तयार होते, आणि त्यांच्याखालचे विंचू-सापसुरळ्या उघड्यावर येतात.

ओढ्यात उतरलात की हात आखडता घ्या. खोलीकरण म्हणजे साठलेला गाळ काढणं, कातळ फोडणं नव्हे. पहिल्या पावसात चढणीचे मासे वर येतात; मीटरभर उंचीची सलग सिमेंटची भिंत त्यांची वाट कायमची बंद करते. कोल्हापूर पद्धतीच्या (को. प.) बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, निदान पावसाळ्याआधी निघतात, ही भिंत निघत नाही.

खचलेल्या काठावर वाळुंजाची अंगठ्याएवढी जाड, मीटरभर लांब काडी डोळे वर ठेवून ६० सेंमी ठोका. वर करंज, उंबर, जांभूळ. रानमोडी हे माजणारं तण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फुलण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. घाणेरी मात्र पट्ट्यापट्ट्याने काढा, कारण तिच्यात पक्ष्यांची घरटी असतात. मोकळ्या झालेल्या जागेत लगेच गवत पेरा, नाहीतर पुढच्या वर्षी तीच तणं परत हजर.

परिणाम मोजायला ओढ्यावर पत्र्याची ९० अंशांची व्ही-खाच बसवा. खाचेच्या खालच्या टोकापासून पाणी १० सेंमी उंच असेल तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, ५ सेंमी असेल तर पाऊण लिटरच्या आसपास. मापन पट्टी खाचेजवळ नको, वरच्या अंगाला हातभर मागे रोवा. खाचेपाशी पाणी खाली झुकलेलं असतं. काम सुरू करण्याआधीच्या वर्षीचं फेब्रुवारी ते एप्रिलचं माप नसेल तर पुढच्या आकड्यांना अर्थ नाही.

पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन दिवसांत सगळे बांध बघून या. एखादा दगड सरकला असेल तर तो त्याच दिवशी हाताने बसतो. पाऊस संपल्यावर तिथे ट्रॉली न्यावी लागते. उरलेली दुरुस्ती बरगे घालायच्या सुमाराला, ऑक्टोबरात.