मराठवाड्यातून गोमुखची हिमनदी बघायला जायचंय? प्लॅनिंग असं करा

गंगोत्रीपासून गोमुख 18 किलोमीटर. आपल्याकडं पायी वारीला जाणाऱ्या माणसाला हा आकडा काहीच वाटत नाही, पण तिथं खरा त्रास उंचीचा आहे. संभाजीनगर 600 मीटरच्या आत, गंगोत्री 3,000 च्या वर अन् गोमुख जवळपास 4,000 मीटरवर, तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण 60 टक्केच असतो, म्हणून सगळ्यात आधी सुट्टी वाढवून घ्या, बाकीचं नंतर.

गंगोत्रीची कपाटं अक्षय्य तृतीयेला उघडतात अन् दिवाळीच्या सुमारास बंद होतात. शेती असेल तर मे महिन्यात जाऊन मृगाच्या आधी परत या, नाहीतर मग सप्टेंबर संपता संपता निघा. जुलै-ऑगस्ट अजिबात नको. दरडी कोसळतात, 5 ऑगस्ट 2025 ला पुरानं ज्या धरालीची वाताहत झाली ते गाव याच रस्त्यावर आहे.

नांदेडहून सचखंड एक्सप्रेस परभणी, जालना, संभाजीनगर करत दिल्लीला जाते, तिथून हरिद्वार, पुढं गाडीनं उत्तरकाशी. उत्तरकाशीला मुक्काम करा, पुढचा मुक्काम हर्षिलला, मग गंगोत्रीत एक पूर्ण दिवस नुसतं इकडंतिकडं फिरा, शरीराला सवय होऊ द्या. लई लोक हाच दिवस वाचवतात अन् वर जाऊन आजारी पडतात. रोख पैसे उत्तरकाशीतच काढून ठेवा.

परमिटचं नीट समजून घ्या. चारधाम यात्रेची नोंदणी वेगळी अन् गोमुखला जायची नॅशनल पार्कची परवानगी वेगळी, दिवसाला फक्त 150 लोकांनाच सोडतात, त्यामुळं आधीच काढा आणि ओरिजनल ओळखपत्र जवळ ठेवा, कनखूच्या नाक्यावर चेक करतात.

जायच्या दोन महिने आधीपासून पाठीवर सॅक घेऊन देवगिरीचा किल्ला चढायचा सराव करा. बीपी, दमा, हार्टचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघूच नका.

पहिल्या दिवशी चीडवासा करत 14 किलोमीटरवर भोजवासा, तिथं मुक्काम, पण राहायची सोय चालू आहे का ते गंगोत्रीतच विचारून घ्या. दुसऱ्या दिवशी पहाटे गोमुख. पहाटेच यासाठी की ऊन वाढलं की बर्फ वितळून ओढ्यांना पाणी चढतं अन् वरून दगडही सुटतात. हिमनदीच्या तोंडाजवळ फोटोसाठी जाऊ नका, तिथं बर्फाचे मोठे तुकडे अचानक कोसळतात. सुमारे 30 किलोमीटर लांबीची ही हिमनदी वर्षानुवर्षं मागं सरकत चाललीय, लांबून बघतानाही ते जाणवतं, म्हणून प्लास्टिकचा एक कागदही तिथं टाकू नका.

डोकं सणकायला लागलं, उलटी झाली, चालताना तोल जायला लागला तर गोळी खाऊन वर जायचं नाही, लगेच खाली उतरायचं, गोमुख अर्ध्या तासावर असलं तरी.

खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ न्या, भूक मरते तिथं पण ओळखीची चव असली की चार घास जातात. अन् दिल्लीहून परतीचं रिझर्वेशन दोन दिवस उशिराचंच काढा, मध्येच रस्ता बंद पडला तर गाडी गाठायला घाटातून रात्रीचा प्रवास करावा लागत नाही.