मेथीच्या परिच्छेदाखालची चौकट: ईमेल वर्गणीदार जमवतानाचा अनुभव

गच्चीवरच्या भाजीपाल्याविषयी मी २०१७ पासून मराठीत लिहितो आहे. पहिली दोन वर्षे लेखांना वाचक बऱ्यापैकी मिळत होते. परंतु ते गूगलवर ‘भेंडीवर पांढरी माशी उपाय’ असे काहीतरी शोधत यायचे, उत्तर मिळाले की निघून जायचे आणि पुढच्या हंगामात त्यांना माझे नावही आठवत नसे. वाचकाचा ईमेल पत्ता मागून घ्यावा, म्हणजे पुढचा लेख आपण होऊन त्याच्यापर्यंत पोहोचवता येईल, हे मला बरेच उशिरा सुचले. नव्याने लिहू लागलेले अनेक जण याबाबत विचारतात, म्हणून काय केले आणि काय चुकले ते मांडतो.

मराठी वाचक व्हॉट्सॲपवर असताना ईमेल कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांचीच सोय असते आणि ज्याने आपला क्रमांक जतन केला आहे त्यालाच तो संदेश मिळतो. फेसबुकवर आपला मजकूर कोणाला दिसावा हे फेसबुक ठरवते. ईमेलची यादी मात्र एका सेवेतून उतरवून दुसरीकडे नेता येते. नवा लेख आपोआप वर्गणीदारांना ईमेलने पाठवणाऱ्या गूगलच्या फीडबर्नर या सेवेने जुलै २०२१ मध्ये ईमेल पाठवण्याची सोय बंद केली, तेव्हा वर्गणीदारांची यादी आधीच उतरवून घेण्याची मुभा होती. त्यामुळे माझे तोवरचे वाचक टिकले.

सुरुवातीला मी ‘ताज्या लेखांसाठी आपला ईमेल द्या’ अशी चौकट पानाच्या उजव्या कडेला लावली होती. संगणकावर ती दिसे. मोबाइलवर उजवी कड घसरून पानाच्या तळाशी जाते आणि तिथपर्यंत कोणी पोहोचत नाही. शिवाय ‘ताजे लेख’ ही गरज माझी होती, वाचकाची नव्हे. मग मी ती चौकट लेखाच्या पोटात आणली. मेथीवरच्या लेखात, घरात सतत ताजी भाजी हवी असेल तर दर पंधरा दिवसांनी एक कुंडी पेरावी, असा एक परिच्छेद आहे. त्याच्या लगेच खाली लिहिले, ‘पुढच्या पेरणीची आठवण ईमेलने हवी असल्यास पत्ता द्या.’ लेख तोच, वाचकही साधारण तितकेच. पण जिथे आठवड्याला एखादा पत्ता मिळे तिथे रोज मिळू लागले.

पत्त्याच्या बदल्यात काही भेट द्यावी असे सगळेच सांगतात. मी हौसेने चाळीस पानांची पुस्तिका तयार केली. ती घेण्यापुरते पुष्कळ जण आले आणि पुढची पत्रे त्यांनी उघडलीही नाहीत. नंतर तिच्या जागी एका पानाचे पेरणीचे वेळापत्रक ठेवले: जून-जुलैत भेंडी, गवार, कारले, ऑक्टोबर-नोव्हेंबरात मेथी, पालक, मुळा, गाजर, जानेवारी-फेब्रुवारीत काकडी. हे पान लोकांनी छापून फ्रिजवर लावले आणि दर महिन्याला त्याचा तपशील सांगणारे पत्र त्यांना हवेसे वाटू लागले. भेट आणि पुढची पत्रे एकाच धाग्यातली असावीत, असे माझे मत त्यानंतर पक्के झाले.

अर्जात मी आधी नाव, गाव, मोबाइल आणि ईमेल असे चार रकाने ठेवले होते. मोबाइलचा रकाना पाहताच लोक माघारी फिरतात, आणि ते योग्यच आहे. आता ईमेलखेरीज एकच प्रश्न उरला आहे: ‘आपण कुठे पेरता?’ तो ठेवण्याचे कारण असे की, इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकाला ऑक्टोबरात ‘आता मेथी पेरा’ असे सांगणे म्हणजे त्याची थट्टा करण्यासारखे आहे.

पत्ता मिळाल्यावर खातरजमा करणारे ईमेल जावे आणि त्यातील बटण दाबल्यावरच नाव यादीत यावे, ही दुहेरी संमतीची पद्धत पहिल्या दिवसापासून ठेवा. काही जण बटण दाबायचे विसरतात, त्यामुळे यादी सावकाश वाढते. परंतु ‘जीमेल डॉट कॉन’ असले पत्ते आपोआप गळतात. अर्ज भरल्यानंतर दिसणाऱ्या पानावर त्या ईमेलचा विषय शब्दशः लिहावा आणि ते सापडले नाही तर स्पॅममध्ये पाहावे, असेही सांगावे.

ही पद्धत मी एकदाच मोडली. एका प्रदर्शनात भेट देणाऱ्यांच्या वहीतले तीनशेच्या आसपास पत्ते मी रात्री बसून यादीत टाकले. बागेची आवड असलेलीच माणसे ती, त्यांना आनंदच होईल, असा माझा समज. पुष्कळांनी ते पत्र सरळ स्पॅम ठरवले आणि मी वापरत होतो त्या सेवेने दुसऱ्या दिवशी माझे खाते गोठवले. ते मोकळे होईपर्यंत ऐन पेरणीच्या दिवसांत खऱ्या वर्गणीदारांनाही पत्र गेले नाही. वहीत सही करणे ही पत्र पाठवण्यास दिलेली संमती नव्हे. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्टमध्येही संमती स्पष्ट हवी आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यावी, असे तत्त्व आहे.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले आहेत. जीमेलवर दिवसाला पाच हजारांहून अधिक ईमेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी (पत्र खरोखर त्याच प्रेषकाकडून आले आहे, हे पडताळण्यासाठीच्या), एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय आणि ०.३ टक्क्यांखालील स्पॅम-तक्रारी असे सारे सांभाळावे लागते. नवख्याची यादी एवढी मोठी नसते; तरीही स्वतःचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे स्वतंत्र नाव, घेऊन या नोंदी आरंभीच करून टाकाव्यात. जीमेलचा फुकट पत्ता ‘प्रेषक’ म्हणून वापरून दुसऱ्या सेवेतून पाठवलेली पत्रे हमखास अडकतात.

मराठीत लिहिणाऱ्यांची एक वेगळीच अडचण आहे आणि ती मला कोणी सांगितली नव्हती. साधारण १०२ किलोबाइटपेक्षा मोठे पत्र जीमेल मध्येच कापते आणि उरलेला भाग एका दुव्यामागे लपवते. देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह, मात्रा आणि वेलांटीसुद्धा, तीन बाइट घेते. रोमन लिपीत ‘मेथी’ पाच बाइटांत मावते, देवनागरीत तिला बारा लागतात. त्यात मजकूर वर्डमधून चिकटवला तर प्रत्येक परिच्छेदाबरोबर अदृश्य सजावटीचे ओझे येते. माझी लांब पत्रे अशीच कापली जात होती आणि ‘नाव कमी करा’ हा तळाचा दुवा नेमका लपलेल्या भागात जात होता. ज्यांना तो सापडला नाही, त्यांनी स्पॅमचे बटण दाबले. आता मी साधा मजकूर चिकटवतो, पत्रात लेखाचा गाभा देतो, बाकीचा लेख संकेतस्थळावर ठेवतो आणि नाव कमी करण्याचा दुवा वरच, अभिवादनाखाली देतो.

किती जणांनी पत्र उघडले, या आकड्याकडे मी फारसे पाहत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेलमध्ये गोपनीयतेची सोय आणली, तेव्हापासून न वाचलेले पत्रही उघडले गेले असे मोजले जाऊ शकते. त्यापेक्षा आलेली उत्तरे मोजावीत. नव्या वर्गणीदाराला जाणाऱ्या पहिल्या पत्राच्या शेवटी मी विचारतो, ‘सध्या आपल्या कुंडीत काय आहे?’ कोणी पिवळ्या पडलेल्या मिरचीचा फोटो पाठवते, कोणी फुले येऊनही फळ न धरणाऱ्या कारल्याची तक्रार करते. दोघातिघांनी तीच तक्रार केली की पुढचा लेख त्यावर लिहितो, आणि उपाय सांगणाऱ्या परिच्छेदाखाली पुन्हा तीच छोटी चौकट ठेवतो.