हप्त्याची लिंक आली? या चुका टाळा

पीएम किसानचा २,००० रुपयांचा हप्ता जमा व्हायची वेळ आली, की आमच्या लातूर भागात गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फाईल फिरायला लागते. नाव ‘पीएम किसान यादी’ असं काहीतरी, आणि शेवटी बारीक अक्षरात ‘एपीके’. पेरणीच्या तोंडावर ती आमच्या चुलत्यांनी उघडली. पाठवणारा भावकीतलाच, म्हणून शंका आली नाही.

पहिली चूक हीच. ज्याच्या फोनमध्ये हे आधी घुसलंय, त्याच्याच व्हॉट्सअ‍ॅपवरून भामटे फाईल पुढं ढकलतात. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो. उघडण्याआधी त्याला फोन करून विचारा.

एपीके म्हणजे यादी नव्हे, फोनमध्ये बसणारं अ‍ॅप. चुलत्यांना फोननं दोनदा अडवलं होतं. आधी विचारलं, अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप बसवायचं का? मग विचारलं, एसएमएस वाचायची परवानगी द्यायची का? ‘होय’ म्हटल्याशिवाय यादी दिसेना, म्हणून त्यांनी दोन्ही वेळा ‘होय’ दाबलं. त्या दुसऱ्या ‘होय’नं घराची किल्ली गेली. बँकेचा ओटीपी आला की तो परस्पर चोराकडं. “मी तर कुणाला ओटीपी सांगितलाच नाही,” असं ते रडकुंडीला येऊन सांगत होते, आणि ते खरंच होतं.

ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, करायची तर पीएम किसानच्या सरकारी संकेतस्थळावर, प्ले स्टोअरवरच्या त्यांच्या अ‍ॅपवर किंवा सेवा केंद्रात अंगठा देऊन करा.

फाईल उघडलीच असेल तर वेळ घालवू नका. फोन विमान मोडवर टाका, वायफाय बंद करा, सिम काढा. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा आणि १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून घ्या. गुगलवर शोधू नका, तिथंही खोटे नंबर पेरलेले असतात. उशीर का नको? रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील, ते बँकेच्या अंगावर. चुलते लाजेपोटी रात्रभर गप्प बसले. मला सगळ्यात जास्त वाईट त्याचंच वाटतं, कारण चोर त्या गप्प बसण्यावरच जगतो.

घाईत मेसेज पुसू नका, तो पुरावा आहे, त्याचा फोटो काढून ठेवा. अ‍ॅपचं चित्र बरेचदा समोर दिसत नाही. सेटिंगमधल्या अ‍ॅप्सच्या यादीत शोधून काढा, नाहीतर तक्रार झाल्यावर फोन पूर्ण रिसेट करून घ्या. कॉल दुसरीकडं वळवले नाहीत ना, तेही बघा. सिम परत घातल्यावर हॅश हॅश ००२ हॅश डायल केलं की सगळं वळवणं रद्द होतं.

दुसरा सापळा सौर पंपाचा. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. हे माहीत असलेला माणूस फोन करतो, “काका, सर्व्हेची फी भरा, नंबर वर घेतो,” आणि क्यूआर पाठवतो. एखाद्या माणसाच्या नावाचा क्यूआर निघाला, की तिथंच थांबा. संकेतस्थळाच्या पत्त्यात मध्येच ‘जीओव्ही’ दिसलं म्हणून भुलू नका, सुरुवातीचं ‘https://’ सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी, अगदी शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का ते वाचा. ही योजना राबवणाऱ्या महावितरणचा पत्ता मात्र ‘महाडिस्कॉम डॉट इन’ असा आहे, तो खोटा नव्हे.

जुना ट्रॅक्टर, म्हैस ऑनलाइन विकताना एकच ध्यानात ठेवा: पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

आणि पैसे गेल्यावर महिन्याभरानं “तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा” असा फोन येईल. चुलत्यांनाही आला. या वेळी त्यांनी फोन थेट मुलाच्या हातात दिला.