‘टू’, ‘इनफ’ आणि आपला ‘इतका’

सांगलीत स्पर्धा परीक्षेची तयारी सुरू केली तेव्हा इंग्रजी वाक्यरूपांतराचे प्रश्न म्हणजे हातचे गुण, असे मला वाटत असे. पहिल्याच सराव परीक्षेत ‘द सॅक इज सो हेवी दॅट वी कॅनॉट लिफ्ट इट’ याचे मी ‘द सॅक इज टू हेवी टू लिफ्ट इट’ असे रूपांतर केले आणि शेवटच्या ‘इट’खाली लाल रेघ आली. ‘दॅट’नंतरचे वाक्य पूर्ण असल्याने त्याला स्वतःचे कर्म लागते, ‘टू’च्या रचनेत मात्र पोते हेच उचलण्याचे कर्म असल्यामुळे ‘इट’ला जागाच उरत नाही. शिवाय नकार दोन ‘ओ’वाल्या ‘टू’च्या पोटातच असतो, म्हणून तेथे ‘नॉट’ही येत नाही.

नवख्यांची याहून मोठी चूक म्हणजे ‘खूप’ या अर्थी सर्रास ‘टू’ वापरणे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. पाणी ३८ फुटांवर असताना ते ‘व्हेरी हाय’ म्हणता येईल. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा ते ‘टू हाय’ होते. मर्यादा ओलांडली गेली आणि त्यामुळे काहीतरी अडले, हे मनात नसेल तर ‘टू’ला हात लावू नये.

‘इनफ’चे कोडे मला मराठीनेच सोडवून दिले. ‘उचलण्याइतके हलके’ हे उलट्या क्रमाने वाचले की ‘लाइट इनफ टू लिफ्ट’ तयार होते; म्हणजे विशेषण आधी, ‘इनफ’ नंतर. नामाच्या बाबतीत मात्र ते आधी येते: ‘इनफ मनी’. आपला ‘इतका’ दोन्ही कामे करतो, हीच खरी मेख आहे: ‘इतका... की’ असेल तर ‘सो’ आणि ‘ण्याइतका’ असेल तर ‘इनफ’.

‘सो’च्या जागी येणाऱ्या ‘सच’ला विशेषणानंतर नामही लागते, आणि ते एकवचनी गणनीय असेल तर मध्ये ‘अ’ किंवा ‘अ‍ॅन’ हवा. म्हणून ‘सच अ हेवी सॅक दॅट’ बरोबर, पण पावसाबद्दल लिहिताना ‘सच हेवी रेन दॅट’ एवढेच लिहावे. मी पुढे कितीतरी दिवस त्या पावसालाही ‘अ’ जोडत राहिलो.