सायकलचा लाइट घेताना आधी झोत भिंतीवर मारून पाहा

दुकानात सगळेच लाइट झगझगीत वाटतात, खरं काय ते अंधारात कळतं. नागपुरात सीताबर्डीकडच्या उजेडातल्या रस्त्यांना 200 ल्युमेन (प्रकाश मोजायचं एकक) पुरतात. सेमिनरी हिल्सच्या अंधाऱ्या उतारावर 400 तरी हवेत.

1. झोत भिंतीवर मारा. मधे नुसती टिकली आणि बाजूला काळोख, तर घेऊ नका. खड्डे बहुतेक कडेलाच असतात!
2. बसवताना किंचित खाली झुकवा. झोताचा मध्य आठ-दहा मीटरवर रस्त्यावर पडावा, समोरच्याच्या डोळ्यांत नाही.
3. मागे लाल लाइटच लावा. कॅरियरवर डबा-पिशवी असेल तर सीटखालचा झाकला जातो, म्हणून कॅरियरच्या टोकाला लावा.

मे महिन्यात सायकल उन्हात ठेवायची असेल तर लाइट काढून सोबत न्या. 45 अंशांत बॅटरीची पार वाट लागते.