स्प्रिंगच्या एअर रायफलवर रेड डॉट बसवताय? या चुका टाळा

रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी, नेम धरायची साईट) बसवायचा, थोडे दिवस वापरायचा आणि मग 'साईट डुप्लिकेट निघाली' म्हणून दुकानदाराच्या डोक्यावर बसायचं. सांगली-साताऱ्यात हे इतक्यांदा बघितलंय की आता लिहूनच टाकतो. साईट बहुतेक वेळा चांगली असते, बसवणं चुकलेलं असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे धक्का कुठल्या दिशेला बसतो याचा विचारच न करणं. पोरं अमेरिकेतले व्हिडिओ बघतात, तिथं शिकारीच्या .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरवर रेड डॉट लावलेला असतो, एवढा दणका बसतो तरी डॉट जागचा हलत नाही, मग आपली एअर गन म्हणजे किरकोळ, असा हिशोब. अरे पण रिव्हॉल्व्हरचा दणका एकाच दिशेला, मागं. स्प्रिंगवाल्या रायफलमध्ये ट्रिगर दाबला की दट्ट्या पुढं सुटतो आणि बंदूक मागं ढकलली जाते, लगेच तोच दट्ट्या दाबलेल्या हवेवर आपटून थांबतो आणि बंदूक पुढं झटका खाते. एका छऱ्यामागं दोन उलटसुलट धक्के. हा पुढचा धक्काच माउंटला (साईट रायफलवर पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पला) हळूहळू मागं सरकवतो, आणि स्वस्तातल्या साईटचं आतलं कामही तोच ढिलं करतो. म्हणून साईट स्प्रिंग एअर रायफलला चालते असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या, 'मॅग्नमला चालते' एवढ्यावर जाऊ नका.

तासगावकडचा एक पोरगा बंदूक घेऊन आला होता. म्हणला, "दादा, साईट बदलून आणली तरी छर्रे भलतीकडंच जातेत." आम्ही मळ्यात विहिरीच्या मातीचा ढीग होता त्याच्यासमोर पुठ्ठा लावला. गोळ्या मारायच्या आधी मी माउंटच्या मागच्या कडेला लागून रायफलवर बारीक पेन्सिलीची रेघ ओढली. त्याला ते वेळ घालवणं वाटत होतं, त्याला डायरेक्ट झिरो करायचं होतं, म्हणजे डॉट जिथं तिथंच छर्रा लागेल असं जुळवायचं होतं. थोडे छर्रे मारून झाल्यावर म्हणलं आता रेघ बघ. रेघ दिसेचना, माउंट तिच्यावर चढून बसलेलं. काढून बघितलं तर खाचेच्या कडेवरचा काळा रंग खरवडून खालचं लोखंड चकचकीत दिसत होतं. साईट बिचारी दोन्ही वेळेला बरोबर होती! ११ मिलिमीटरच्या खाचेवर पिकॅटिनीचा (आडव्या खाचांच्या रुंद पट्टीचा) ॲडॉप्टर बसवलेला, आणि त्याला स्टॉप पिनच (माउंट मागं सरकू न देणारी खिळी) नाही. रायफलच्या पाठीवर त्या पिनसाठी भोक होतं, त्याच्याकडं कुणी बघितलंच नव्हतं. पिनवालं माउंट आणलं, पिन भोकात बसवली, विषय संपला. भोक नसेल तर माउंटच्या मागं वेगळा स्टॉपर लावा, मागं हं, पुढं लावून काही उपयोग नाही.

माझी सवय सांगतो. खाच आणि स्क्रू थिनरनं पुसून तेल पूर्ण काढतो, निळं लॉकटाईट (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) एक थेंब, आणि ॲलन की आखूड बाजूनं धरून आवळतो म्हणजे जोर जास्त लागतच नाही. ॲल्युमिनियमचे आटे गेले की माउंट भंगारात. लाल लॉकटाईट लावू नका, ते सोडवायला गरम करावं लागतं. फेविक्विक ओतलेली माउंटं पण बघितलीत, कृपा करून नको. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून माउंटवर नेलपॉलिशची रेघ मारतो, स्क्रू फिरला की लगेच कळतं.

दुसरी गोष्ट, घाई. एक छर्रा मारला की लगेच साईटचा नेम जुळवायचा स्क्रू फिरवायचा, पुढचा मारला की परत उलटा. अशानं जन्मात झिरो होणार नाही. पाच छर्रे एकाच नेमावर मारा, त्यांचा मध्य बघा, मग फिरवा. १ एमओए (कोनाचं माप) म्हणजे १० मीटरवर जवळपास ३ मिलिमीटर, तुमच्या साईटचा क्लिक (स्क्रूचा एक टप्पा) १ एमओएचा असेल तर ३ सेंटिमीटर हलवायला दहा क्लिक लागणार, साधा हिशोब आहे पण कुणी करत नाही. आणि नवी कोरी रायफल लगेच झिरो करायला बसू नका, आतलं तेल जळून धूर निघत असतो तोवर छऱ्याचा वेग कमीजास्त होतच राहणार.

रायफल वाळूच्या पिशवीवर दाबून धरू नका. हाताचा तळवा खाली ठेवा आणि तिला मोकळी हलू द्या, घट्ट धरली की छऱ्यांचा ग्रुप फाकतो.

डॉट काचेच्या कोपऱ्यात ठेवून मारू नका, इतक्या जवळ पॅरालॅक्स (डोळा हलला की डॉट नेमावरून सरकल्यासारखा दिसणं) लागतोच. ब्राइटनेस कमी ठेवा. नळी उघडी असताना ट्रिगरजवळ बोट नाही, साईट बसवताना तर रायफल रिकामीच पाहिजे.

द्राक्षबागेतल्या पाखरांसाठी घेतोय म्हणणाऱ्यांना स्पष्ट सांगतो, जाळी लावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, आणि एअर गननं मारलं तरी ती शिकारच.

मॅच खेळायची असेल तर रेड डॉटवर पैसेच घालू नका. १० मीटर एअर रायफलला तो चालत नाही. शेजारच्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं ते पीप साईटवरच (बारीक भोकातून बघायची साईट). पुठ्ठ्यावर मजा म्हणून मारायचं असेल तर बिनधास्त लावा.

आणि डॉट गोल न दिसता फाटलेला, चांदणीसारखा दिसत असेल तर साईट परत पाठवायच्या आधी मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा. कॅमेऱ्यात गोल दिसला तर साईट ठीक आहे, तुमच्या डोळ्याला सिलिंड्रिकल नंबर असणार, आधी चष्म्याचं बघून घ्या.