व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार, फोटो मात्र नीट

लातूर-औसा भागात लग्नाची कामं करतो. १२ वर्षं डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) वापरला. यंदा मिररलेस (बिनआरशाचा) घेतला आणि पहिल्याच लग्नात घाम फुटला. स्टेजच्या दोन्ही बाजूंना फ्लॅश, सेटिंग मॅन्युअल: शटर १/१६०, एफ ८, आयएसओ १००, म्हणजे फ्लॅशशिवाय फोटो काळाच येईल असं. व्ह्यूफाइंडरला, म्हणजे कॅमेऱ्याच्या बघायच्या खिडकीला, डोळा लावला तर आत काळोख. कुणाचे डोळे मिटलेत तेही दिसेना. फोटो मात्र नीट येत होते!

कारण रात्री उलगडलं. जुन्या कॅमेऱ्यात आरसा आणि प्रिझममधून समोरचा उजेडच डोळ्यापर्यंत येतो, शटर-आयएसओ काहीही असो. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर सेन्सरचं चित्र दाखवतो, तेही निवडलेल्या एक्स्पोजरप्रमाणे, म्हणजे शटर, एफ, आयएसओनुसार जितकं उजळ येईल तितकंच. फ्लॅशचा उजेड त्या हिशेबात नसतोच.

मेनूत एक्स्पोजर सिम्युलेशन (सेटिंगप्रमाणे चित्र दाखवणं) बंद केलं आणि चेहरे लगेच उजळले. सोनीत त्याच कामाला ‘सेटिंग इफेक्ट ऑफ’ म्हणतात. ते आता एका बटणावरच ठेवलंय, कारण दुपारच्या परण्यात (नवरदेवाच्या मिरवणुकीत), फ्लॅश नसताना, सिम्युलेशन चालू पाहिजे. भर उन्हात पांढरा फेटा जळतोय का, म्हणजे जास्त उजेडाने नुसता पांढरा डाग होतोय का, हे क्लिकच्या आधीच दिसतं. ही सोय मला फार मोलाची वाटते. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर बॅटरी खातो, त्यामुळे बॅटऱ्या मात्र तीन न्याव्या लागतात.